गिळलेला ट

बिस्किटाच्या पुड्याचा लाल कागद एनिडच्या बोटांत कुरकुरला आणि ती थबकली... अकरा आठवड्यांपूर्वीपर्यंत कागद ही मुकी वस्तू होती. आता स, श, क असे सगळे बारीक, टोकदार आवाज शस्त्रक्रिया करून बसवलेल्या कानामागच्या यंत्रातून आत घुसत होते. तिशीत तिचे कान गेले ते या बारीक आवाजांपासूनच. उरले ते नुसते स्वर — धुक्यापलीकडं गाय हंबरावी तसे — आणि मधली व्यंजनं तीस वर्षं तिनं स्वतःच भरली, माणसांचे ओठ बघून, स्पेलिंग आठवून. स्पेलिंगात तिचा हात धरणारं कोण होतं? कीथली गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तिनं रंगवलेल्या. गावाच्या नावात लिहायचं ‘जीएच’ आणि म्हणायचं ‘थ’, हे ती शाळेत, चांगले कान असतानाच शिकली होती.

पण सोमवारपासून तिला एक काळजी लागली होती. इस्पितळातल्या, यंत्र जुळवून देणाऱ्या बाईंनी सांगितल्याप्रमाणं ऐकलेले शब्द ती वहीत उतरवत होती, आणि ट सापडत नव्हता. ‘वॉटर’मध्ये वॉ, मग एक भोक, मग अर. ‘बटर’मध्येही तसंच. म्हणजे यंत्र ट खातं... म्हणजे कवटी उघडली, अर्धं डोकं भादरलं, आणि पदरात पडलं ते हे, भोकाभोकांचं? येत्या मंगळवारी तपासणीला गेल्यावर बाईंना हे सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. यापुढं काही होणार नाही, असं त्या म्हणाल्या तर?

तिचा नवरा सिरिल शेगडीपाशी पाव भाजत पाठमोरा उभा होता. तीस वर्षांच्या सवयीनं तो तिच्याकडं वळूनच बोलायचा, आज विसरला.

“ब... अर जास्त लावू का गं?”

पुन्हा भोक.

“सिरिल, परत म्हण. बटर.”

“ब-अर.”

“नीट म्हण ना!”

“अगं, नीटच म्हणतोय. ब-अर! माझी आई असंच म्हणायची, तिची आईपण.”

“मग ट कुठाय?”

तो सुरी घेऊन वळला. “ट? तो लिहायला असतो, बाई. बोलताना कुणाला सवड आहे?”

तिनं त्याला खुर्चीत बसवून एकेक शब्द म्हणायला लावला. ‘हँडबॅग’ला तो सरळ ‘हॅम्बॅग’ म्हणाला — आणि तिनं त्या शब्दातल्या ड ला बाजारातल्या पाटीवर सोनेरी कड काढली होती, दोन दिवस खपून! ती हसायला लागली. हसणं थांबेना. यंत्र शाबूत होतं. खात होती ती माणसं, सगळं गाव, राजरोस.

“आणि मी?” तिनं डोळे पुसत विचारलं. “मी कशी बोलते?”

सिरिलनं मान खाजवली. “कान गेल्यापासून तू लिहिल्यासारखं बोलतेस, तुझे सगळे ट जागच्या जागी असतात. बाजारात तुला राणीसाहेब म्हणतात.”

राणीसाहेब! आपण बहिऱ्या म्हणून बायका दोन हात लांब उभ्या राहतात, असं ती धरून चालली होती, तीस वर्षं — आणि त्या? त्या म्हणत असतील, हिलाच आम्ही नको... बोचलं, नाही कसं? पण त्या बोचण्याखालून हसू उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. ती कोट चढवून तडक बाजारात गेली.

“बेरिल, अर्धा पौंड ब-अर दे गं.”

लोणी विकणारी बेरिल हातात लादी कापायची तार धरून तशीच उभी. “काय झालं एनिड? दाताचं दुखणं काढलंस की काय?”

“नाही गं. कान आलेत मला.”

“मग कान आले आणि जीभ गेली!” बेरिल खिदळली. मागच्या दोघी-तिघी हसल्या, त्यातली एक जरा पुढं सरकून काहीतरी बोलली. निम्मं कळलं. एनिडची नजर लोण्याच्या लादीवर होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण मान वळवून त्या बाईचे ओठ शोधले नाहीत. उरलेलं निम्मं भरायची घाईही केली नाही. भोवती शब्द येत होते — कुणी शेपूट तुटलेला, कुणी पोटात खळगा असलेला — आणि ती त्यांच्यात उभी राहिली, अजून थोडा वेळ, पुढचा कुणाच्या तोंडून कसा बाहेर पडतोय याची वाट बघत...