डोळ्यातला धबधबा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पडदेबुवांनी एका म्हाताऱ्याच्या डोळ्यातून नखाने पांढरा पापुद्रा ओढला. तो पाण्याच्या वाटीत पसरला आणि लोकांनी हात जोडले.

"मेंदूतून पाणी झरतं, बुबुळामागे गोठतं," बुवा माईकवर म्हणाले. "मोतीबिंदूला इंग्रजीत कॅटॅरॅक्ट म्हणतात. म्हणजे धबधबा. घ्या, डॉक्टरांच्याच तोंडून."

शब्दार्थ खरा होता. ग्रीकांकडून लॅटिनमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलेला. जुन्या वैद्यांना खरंच वाटायचं की डोक्यातलं पाणी डोळ्यात उतरतं. पुढे डोळा कापून पाहिल्यावर कळलं, की पाणी उतरतच नाही, भिंग गढूळ होतं. समजूत गेली, नाव राहिलं. नावावरूनच उपचार करायचे, तर मोतीबिंदूतले मोती सराफाला विकता आले असते.

माझ्या शेजारी आत्या होती, काळा चष्मा लावून. ती शिवणकाम करते. दुसऱ्या गावात याच बुवाने तिचा उजवा डोळा 'साफ' केला होता. नखाची घाण आत गेली, डोळा पिकला.

"आत्या, नक्की जायचं?"

"सुईत दोरा ओवायला आता तू लागतेस मला. चल मुकाट्याने."

मी तिला हात धरून व्यासपीठावर नेलं. तिने चष्मा काढला. उजवी बाहुली दुधाळ.

"फार दाट पडदा, माई," बुवांनी मान हलवली. लोकांकडे बघत नख फिरवलं. पापुद्रा वाटीत. "आता दिसतंय?"

"यालाच विचारा." आत्याने पापणी ओढून डोळा काढला आणि वाटीत टाकला. टक्. "प्लॅस्टिकचा आहे. बाहुली मुद्दाम पांढरी करून घेतली, खास तुमच्यासाठी. खरा तुम्ही नेलात."

बुवांचा हात खिशाकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांच्या बोटांत ओला कापूस होता, त्यात अंड्याच्या कवचाच्या आतले पापुद्रे.

"मग माझ्या डोळ्यातून काय निघालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"अंडं, आजोबा," मी म्हणाले. "डोळा होता तसाच आहे. दवाखान्यात गढूळ भिंग काढून नवं बसवतात. उद्या मी नेते तुम्हाला."

"माई, क्षमा करा," बुवा पुटपुटले.

"पोलीस दारात उभे आहेत. खटल्याच्या प्रत्येक तारखेला मी पुढच्या बाकावर बसेन," आत्या म्हणाली. "चष्म्याशिवाय."

शब्द प्राचीन असला म्हणून त्यामागची समजूत खरी ठरत नाही. कुणी तुमच्या डोळ्यातून काही काढून दाखवलं, तर वाटीत बघू नका. आधी त्याची बोटं उघडायला लावा.