सुई चालू होती तरी

रोवणीच्या दिवसांत आमच्या देवरीकडे बाईचं पोट दुखलं की सगळ्यांचं निदान एकच: बेंबी सरकली. दिवसभर चिखलात वाकून धानाचे परे, म्हणजे रोपं, लावले की ती सरकतेच म्हणे! माझ्या धाकट्या जावेच्या, नीतूच्या, पोटात उजवीकडे कळा यायला लागल्या, तेव्हा सासूबाईंनी पोट चोळायला धुरपताबाईला बोलावलं.

"पयले दवाखान्यात नेऊ," मी म्हटलं. "पोट तं नसन राहिलं?"

"सुई घेऊन राहिली ना ते, तीन महिन्यांवाली!" सासूबाई खेकसल्या. "पाळीच बंद हाय त्या सुईनं. पोट कुठून राहते? मोठी आली डॉक्टरीण!"

सुई म्हणजे जणू ब्रह्मदेवाचा शब्द! धुरपताबाईनं तेल लावून अंगठ्यांनी पोट दाबलं. नीतू किंचाळली आणि पांढरीफटक पडली. मग मी कोणालाही न विचारता गाडी बोलावली.

गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत होता. नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं.

"लगेच ऑपरेशन करावं लागेल. रक्त देणारं कोण आहे?"

आणि तिचा नवरा खुशाल, आमचा दीर, काय विचारतो?

"सुई तं चालू होती. मंग हे कोणाचं?"

बायको स्ट्रेचरवर मरायला टेकलेली, आणि याला हिशेब सुचतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी मी त्याला भाऊजी म्हणते.

"खुशाल, तोंड बंद कर! रक्त दे पयले!"

डॉक्टरीणबाईंनीही त्याला झापलं. "कुठलीच सुई शंभर टक्के नसते. क्वचित चुकते, आणि तेव्हा गर्भ नळीतही राहू शकतो. सुई घेणारीचं पोट दुखलं तरी आधी गर्भ आहे का ते तपासायचं असतं, चोळायचं नसतं."

तो खाली मान घालून रक्त द्यायला गेला. मला त्याची जराही दया आली नाही.

नीतू वाचली. एक नळी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी खुशाल नारळपाणी घेऊन खाटेशी आला, अगदी गोड आवाजात म्हणाला, "कसं वाटून राहिलं आता?"

नीतूनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझा हात धरला.

"दीदी, डोळे मिटले होते माझे, कान नाही. इचारलं ना यानं, कोणाचं मनून?"

खुशालच्या हातातला नारळ तसाच राहिला.

"सांग याले. माझं होतं."