घोडी चालत आली तर

निघायच्या सकाळी कालिमानने मुलीच्या घोडीचा पट्टा स्वतःच्या हाताने आवळला आणि म्हणाली, "परत येताना चालत या. घोडी पळवू नका."

झारकिनने मान हलवली. त्यांच्या गावात मरणाची बातमी घेऊन येणारा ती शांतपणे येऊन सांगत नाही. तो पुलाजवळच्या वळणावर घोड्याला टाच मारतो आणि 'अताकेम, अताकेम', माझ्या बापा, माझ्या बापा, असा आक्रोश करत भरधाव दारापर्यंत येतो. टापा ऐकूनच आतल्या बायका भिंतीकडे तोंड करून बसतात. घोडं पावलापावलाने आलं, तर चुलीवर चहा ठेवायचा.

कालिमानचा नवरा एसेनकुल ऑक्टोबरात, बर्फाच्या तोंडावर, चुकार झालेल्या घोड्या शोधायला वरच्या दऱ्यांत गेला होता. काही दिवसांनी त्याचा घोडा एकटाच खाली उतरला, खोगीर पोटाखाली लोंबतंय असा. गावकरी शोधायला निघाले, तोवर खिंड बुजली. आता जून लागला होता. एवढ्या महिन्यांत कालिमानने विधवेचं काळं नेसलं नाही. दर गुरुवारी सगळ्या घरांतून कढत तेलाचा वास निघे. गेलेल्या माणसांना तळणीचा वास पोचतो म्हणून प्रत्येक घर त्या दिवशी थोडं तरी तळतं. कालिमानची कढई खुंटीवरच राहिली. "जित्या माणसाला वास कशाला धाडू?" ती म्हणे. शेजारणींनी येणं हळूहळू सोडलं. दुखवट्याला आलोय असं म्हणावं की सहज आलोय असं, हेच त्यांना कळेना.

झारकिन ओश शहरात शाळेत शिकवत होती. सुट्टी लागताच ती आली. बाप जिवंत सापडेल अशी आशा तिला नव्हती. आईला विधवा होता यावं, एवढ्यासाठी ती निघाली होती.

बरोबर तोकोनकाका होता, एसेनकुलचा धाकटा भाऊ. शेवटचं कुरण मागे पडलं, तशी वाट संपली. पुढे नुसते उतार, घसरते दगड आणि एकामागून एक दऱ्या. ओढे पहाटे ओलांडायचे, कारण ऊन चढलं की वरचं बर्फ वितळून पाणी घोड्यांच्या पोटाला लागे. प्रत्येक घळीत शिरून पाहायचं, काही नाही म्हणून बाहेर यायचं. पाऊस बारीक, पण सतत होता.

"तुझ्या त्या पुस्तकांत खोगिरावर बसायचं कसं ते नाही का गं दिलेलं?" काका मागून ओरडे. "पिठाचं पोतं बांधल्यासारखी बसलीयस."

"पोतं निदान तक्रार तरी करत नाही, काका."

"तेही खरंच. तुझा बाप म्हणायचा, पोरीला अर्धं जग पाठ आहे, पण दूध काढताना म्हशीची लाथ खाते."

"म्हशीची नाही म्हणायचे. याकची म्हणायचे."

"आपल्याकडं म्हैस आहे कुठं? तोंडाला येईल ते म्हणायचा झालं." काका हसला आणि एकदम गप्प झाला. 'म्हणायचा' हा गेलेल्या माणसासाठी वापरायचा शब्द त्याच्या तोंडून नकळत गेला होता.

नवी दरी लागली की काका रिकिबीत उभा राहून दोन बोटं तोंडात घाली आणि शीळ वाजवी. लांब, शेवटी खाली उतरणारी. घोड्यांना बोलावण्याची ही शीळ दोघा भावांनी आपल्या बापाकडून उचलली होती. पलीकडच्या उतारावरचे मार्मोट घाबरून बिळांत पळत. शीळ विरली तरी काका बराच वेळ कान देऊन उभा राही. कशासाठी, हे झारकिनने विचारलं नाही. तिलाही ऐकू येई ते फक्त पाणी.

रानजुनिपरच्या झुडपांत ते मुक्काम करत. ओली लाकडं पेटत नसत. चहात कोरडी रोटी बुडवून, कुरुताचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, आंबट खडा गालात धरून ते झोपून जात.

तिसऱ्या दरीच्या टोकाला मोठाले खडक आडवे आले. घोड्यांचे पाय बांधून ते पायी वर चढले. खडकांच्या पलीकडे ओढ्यावर कोसळलेल्या हिमकड्याचा ढिगारा आडवा पडला होता. जून असूनही तो घराइतका उंच होता, मातीने काळवंडलेला, दगडासारखा घट्ट. त्याच्या कडेला गिधाडं बसली होती. माणसं पाहून ती जडपणे उडाली.

तिथे एका चुकार घोडीची हाडं होती. कातडं अजून काही ठिकाणी चिकटलेलं. मानेभोवती दोर होता.

काळ्या-पांढऱ्या केसांचा दोर. आयाळीचे केस कातून कालिमानने तो एसेनकुलसाठी मागे एका हिवाळ्यात वळला होता. मध्ये पांढरे केस संपले म्हणून वीतभर नुसता काळाच होता. झारकिनने तो काळा भाग हाताने चाचपला. मानेपासून निघालेला दोर चार-पाच हात जमिनीवर पडलेला होता आणि पुढे सरळ बर्फात शिरला होता. ताणलेला.

त्यांनी फावड्याने खणलं. वरचा थर सुटला, मग फावडं नुसतं खणखणू लागलं. दोर खाली खालीच जात होता. कान लावला तर आतून ओढ्याचा घुमणारा आवाज येत होता. काकाच्या तळव्यांना फोड आले, फुटले, तरी तो थांबेना.

"काका, पुरे."

"अजून हातभर."

"ह्या साली नाही वितळायचं हे. पुढच्या सालीही नाही."

काका फावड्यावर टेकून बसला. म्हणाला, "दोर म्हणजे माणूस नव्हे. आपण घोडं हातात धरून नेताना दोराचं टोक मांडीखाली दाबतो. कशासाठी? घोडं दरीत गेलं तर आपण जाऊ नये. त्यानं सोडला असेल. निसटला असेल. पलीकडं उतरला असेल, चीनच्या बाजूला."

"ते घोड्यावर बसलेलं असताना, काका. इथं खडकांवरून ते पायीच आले असणार. बर्फावर पायी चालताना ते टोक कमरेला बांधायचे."

"तुला काय माहीत?"

"दुसऱ्या टोकाला मला बांधायचे. मी सहा वर्षांची होते."

काकाने तोंड फिरवलं. झारकिनने त्याच्या कमरेचा सुरा मागून घेतला आणि दोर जिथे बर्फात शिरत होता, तिथेच कापला. तो लवकर कापला गेला नाही. कालिमानने तो चांगला घट्ट वळला होता. तुटला, तेव्हा खालचं टोक बोटभर आत ओढलं गेलं आणि दिसेनासं झालं.

काकाने बर्फाकडे तोंड करून, हात पसरून, प्रार्थना म्हटली. ती मात्र त्याने पूर्ण म्हटली, मेलेल्यांसाठी म्हणतात ती. मग दोघं खाली उतरले.

परतीच्या वाटेवर पुढच्या दऱ्यांत काकाने शीळ घातली नाही. पण पूल दिसायला लागला, तसा त्याने घोडा तिच्या आडवा घातला.

"हे बघ पोरी. आपण चालत जायचं. दोर दाखवू. वहिनी काय समजायचं ते समजतील."

"दोर दाखवला की आई म्हणेल, घोडी सापडली, तो पुढं गेला. आणि कढई खुंटीवरच राहील."

"हाड नाही, माती नाही. कशावर रडायचं? आणि भरधाव जायचं तर ते मी जायचं. भावानं जायचं, गड्यांनी. माझ्यानं नाही होत. मी त्याला पुरलेला नाही." त्याचा आवाज चिरकला. "आणि तुला येतं का रडायला? आजी गेली तेव्हा सगळ्या बायका सूर धरून रडत होत्या, आणि तू कोपऱ्यात रुमाल घेऊन बसलीस. जणू सर्दी झालीय."

ते खरंच होतं. बायकांनी शब्द जुळवून, बापाचं, भावाचं नाव घेऊन मोठ्याने रडावं याची झारकिनला लाज वाटायची. सगळं ऐकूनही तिला त्यातली एक ओळ कधी म्हणता आली नव्हती. रात्री वाचत बसायची, त्या कोणत्याही पुस्तकात असं ओरडून कुणाला घोडं पळवावं लागलं नव्हतं.

खाली धुराडी दिसत होती. त्यांच्या अंगणात कोणीतरी बादली घेऊन उभं होतं. घोडी चालत आली तर चहा ठेवायला.

घोडीला घराचा वास लागला होता, तिला आवरूनच धरावं लागत होतं. झारकिनने लगाम सैल केला. टाच मारली.

आधी नुसत्या टापा होत्या. पूल लाकडी, तो दणाणला. तिने तोंड उघडलं, पण आवाज निघेना, वाराच आत शिरला. बापाचा काळा-पांढरा दोर खोगिरावर आपटत होता. मग निघाला तो तिचा आवाज नव्हताच. ओबडधोबड, फाटका, बेसूर.

"अताकेम!"

रस्त्यावरची माणसं बाजूला झाली. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. ती पुन्हा ओरडली, आणि तिसऱ्या हाकेला पाठीमागून दुसऱ्या टापा आल्या. काकाचा घोडा एकटा मागे राहायला तयार नव्हता. काकाने त्याला धरलं नाही. "माझ्या भावा," असा त्याचा जाड, रडका आवाज तिच्या आवाजात मिसळला.

कालिमानने वर पाहिलं नाही. तिने बादली खाली ठेवली, सांडू नये अशी, आणि आत गेली.

झारकिन घोडीवरून उतरली. आत आई भिंतीकडे तोंड करून बसली होती, मरणाला रडणाऱ्या बायका ठेवतात तसे दोन्ही हात कमरेवर. डोक्यावर काळा रुमाल होता. तो नवा होता. महिनोन् महिने घडी करून ठेवलेल्या कापडाला पडतात तशा सरळ रेषा त्यावर चौकोन करून उमटल्या होत्या.

झारकिनने दोर तिच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसली. कालिमानचे हात कमरेवरून खाली आले. दोरावरून सरकत सरकत ते काळ्या भागाशी थांबले, मग कापलेल्या टोकाशी. आणि तिने सूर धरला.