तिन्नी म्हणजे कोण?

बालगृहातल्या मावशीने बावीस वर्षांत हट्टी पोरं पुष्कळ पाहिली होती. पण बसस्थानकावर सापडलेल्या या दोन वर्षांच्या चिमुरडीपुढे तिने हात टेकले. तीन दिवस पोरीच्या पोटात घोटभर पाण्यापलीकडे काही गेलं नव्हतं. ताट पुढे केलं की ढकलून द्यायची आणि टाहो फोडायची, "तिन्नी! तिन्नी!"

"बहीण असणार हिची," हवालदार म्हणाला आणि कागदावर तसं लिहून मोकळा झाला. स्वयंपाकीणबाईंचं मत पडलं, मांजर. मावशीने बाहुली दिली, मांजराचं चित्र दाखवलं, शेवटी "मीच गं तुझी तिन्नी" असंही म्हणून पाहिलं. पोरीने तिच्याकडे असं बघितलं की मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी पोरीने मान टाकली. तिला उराशी धरून मावशी दवाखान्यात धावली. शीर सापडेना. दोनदा सुई टोचून झाली, तरी पोर रडलीसुद्धा नाही.

"अगं, काय हवंय ते सांग गं बाई, पाया पडते तुझ्या!" मावशीचा आवाज चिरकला.

नर्सच्या हातून चिमटा निसटला आणि कापूस ठेवलेल्या स्टीलच्या वाटीवर आपटला. टिण्!

पोरीने डोळे उघडले. "तिन्नी," ती पुटपुटली आणि हात पुढे केला.

"वाटी! अहो, वाटी मागतेय ती!" मावशीने कापूस तिथेच उपडा केला. नर्स ओरडेपर्यंत वाटी धुऊन सोबत आणलेल्या थर्मासमधलं दूध ओतूनही झालं होतं. पोर घोट घोट प्यायली. मावशी भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

आई सापडली ती आठव्या दिवशी. बाई मुकी, अक्षरओळख नाही. दोन चौक्यांतून तिला वेडी समजून हाकलून दिलं होतं. परगावाहून परतलेली शेजारीण तिला घेऊन आली.

"हिला हाक कुठे मारता येते?" शेजारीण म्हणाली. "जेवायला बोलवायचं तर वाटीवर चमचा वाजवते. त्या आवाजावरूनच पोरीने वाटीला नाव पाडलं. घरात बोलायला दुसरं आहे कोण!"

आईने लेकीचा हात उलटून पाहिला. सुयांचे काळेनिळे डाग दिसताच तिने मावशीला जोरात ढकललं. शेजारीण सारवासारव करू लागली.

"असू दे," मावशी म्हणाली. "तिच्या जागी मी असते, तर दोन ठेवून दिल्या असत्या."