असुंताच्या गावाला जाणारी बस

"संडेला जाऊ नका. सकाळी बस वर नेते, पण खाली कुणी आणत नाही," टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधता बांधता असुंता म्हणाली होती.

असुंता म्हणजे कॅनडातल्या ग्वेल्फमधली आमची शेजारीण. वय ऐंशीच्या घरात, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. लग्न होऊन इटलीतून आली ती थेट हातमोज्यांच्या कारखान्यात मशीनवर बसली आणि रिटायर होऊनच उठली. गाडी चालवायला कधी शिकली नाही. सगळं ग्वेल्फ सिटी बसनं पाहिलेलं. पण तिचं गाव तिनं तरुणपणीच सोडलेलं, आणि माझ्याकडे इंटरनेटवरून प्रिंट केलेलं टाइमटेबल होतं. मी मान डोलावली आणि सोडून दिलं.

माझ्या नवऱ्याची, नंदनची, नेपल्सला कॉन्फरन्स होती. ती झाल्यावर दक्षिणेकडच्या खेड्यांतून बसनं हिंडायचं, खायचं, वाइन चाखायची, असा आमचा बेत. माझं निम्मं लक्ष मात्र ईशानीच्या पोटाकडे. तीन वर्षांची पोर नुसतं दूध आणि कोरडं सीरियल यांवर जगत होती. "पुढच्या चेकअपपर्यंत वजन वाढलं नाही तर टेस्ट्स करू," असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तेव्हापासून मी तिच्या प्रत्येक घासावर डोळे लावून बसायची, आणि ती तोंड घट्ट मिटून.

असुंताच्या गावाला आम्ही रविवारीच गेलो. समुद्रकाठच्या स्टेशनवरून निळी बस डोंगर चढू लागली. वळण, ऑलिव्हची झाडं, पुन्हा वळण, द्राक्षं. ईशानी काचेला नाक लावून खूश. माझ्या पर्समध्ये थर्मामीटर, डब्यात मेतकूट-भात.

असुंताचा धाकटा भाऊ रोक्को स्टॉपवरच उभा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला इटालियन. त्यानं एका हातानं ईशानीला उचललं, दुसऱ्या हातानं माझी बॅग, आणि चालू लागला.

घरामागे द्राक्षांच्या मांडवाखाली टेबल मांडलेलं. रोक्कोच्या बायकोनं पास्ता वाढला. तेच जेवण समजून नंदननं दोनदा घेतला. मग सॉसेज आले. मग तेलात परतलेला रानातला पाला, मग पावट्यासारखे मऊ दाणे, मग चीज.

"अगं, हे संपतच नाहीये!" नंदन कुजबुजला.

"आपल्याकडे मठ्ठा आला की कळतं तरी," मी म्हटलं.

वाइन घरचीच, पाण्याच्या जगमधून ओतलेली. मी घोट घेतला की रोक्को भुवया उंचावायचा, "बुओनो?" म्हणजे, छान आहे ना? मी म्हणायची, "बुओनो!" एवढ्या एका शब्दावर आमच्या गप्पा रंगल्या होत्या.

ईशानीची बशी मात्र तशीच.

"एक घास, राजा. वन बाइट."

"नो."

"मम्मासाठी?"

"नो, मम्मा."

परतीच्या बसची वेळ झाली म्हणून मी उठले. रोक्कोनं दोन्ही हात हलवले, मग चर्चकडे बोट दाखवलं.

"काय म्हणतायत ते?"

"आज रविवार, बस नाही म्हणतायत बहुतेक," नंदन म्हणाला.

"टाइमटेबलमध्ये आहे ना पण!" मी कागद घेऊन तरातरा स्टॉपवर गेले. तिथे एक मांजर झोपलं होतं. तरी उभी राहिले. ईशानीला रात्री ताप भरला तर? इथे डॉक्टर कुठून आणायचा? सूर्य डोंगराआड जायला लागला तेव्हा कागद चुरगळून परत फिरले.

मांडवाखाली ईशानीकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. रोक्को नंदनला द्राक्षांचे घड दाखवत होता, त्याची बायको भांडी गोळा करत होती. आणि ईशानी रोक्कोच्या बशीत हात घालून दाणे खात होती. कोपरापर्यंत तेल.

मी "अगं बाई" म्हणायला तोंड उघडलं. नंदननं ओठांवर बोट ठेवलं. मी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. इतकं अवघड काम मी कधी केलं नव्हतं.

पाठीमागून ईशानीचा आवाज आला, "मोर, प्लीज."

रोक्कोच्या बायकोनं आमच्या गाद्या घातल्या. सोमवारच्या बसनं आम्ही खाली उतरलो.

"संडे! आय टोल्ड यू!" ग्वेल्फला परतल्यावर सगळं ऐकून असुंता मांडी थोपटत हसली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "छोटी कुठं बसली होती? समुद्राच्या बाजूला?"

"हो."

"ती माझी जागा," ती म्हणाली, आणि ईशानीसाठी तसलेच दाणे शिजवायला पाणी ठेवलं.

पुढे दर रविवारी ईशानी तिच्याकडे जेवायची आणि मी बाहेरच्या खोलीत पाठ फिरवून बसायची. वजन वाढलं. टेस्ट्स कराव्या लागल्या नाहीत.

मागच्या वर्षी नंदनच्या नोकरीमुळे आम्ही हॅलिफॅक्सला आलो. असुंताला आता फोनवर ऐकू येत नाही. मी ओरडते, ती "येस, येस, ऑल गुड" म्हणून ठेवून देते. तुमच्यापैकी कुणी ग्वेल्फमध्ये असेल तर तिच्याकडे एकदा डोकावाल का? मोठ्या चर्चच्या उतारावर, अंगणात थंडीसाठी गोणपाटात गुंडाळलेलं अंजिराचं झाड दिसेल, तेच घर. "कशी आहेस?" असं विचारू नका, ती बरी आहे असंच म्हणेल. आज काय शिजवलंय ते विचारा. आणि काहीच शिजवलं नसेल, तर निघू नका. बसा तिच्याजवळ, आणि मला कळवा.