दार धरून बसलेला गिअर

मी दाराखालचा गिअर बोलतोय. हो, स्वयंपाकघराचं दार आपटू नये म्हणून परवापर्यंत त्याला टेकून ठेवलेलं काळं दातेरी चाक, तोच मी. हसू नका! माझा जन्म पेरणी यंत्रात फिरण्यासाठी झालाय. माझे छत्तीसच्या छत्तीस दात शाबूत आहेत. मालकांच्या बत्तिशीबद्दल तसं म्हणता येत नाही.

यंत्रात माझ्याशेजारी एक धाकटा गिअर होता. दातात दात घालून आम्ही सहा हंगाम सुखानं काढले. सातव्याला धाकट्याचे दोन दात पडले. मालक दुकानात गेले.

"सुटा मिळत नाही, जोडीच घ्यावी लागेल," दुकानदार म्हणाला.

"अहो, पण मोठा धडधाकट आहे!"

"कंपनी जोडीच पाठवते, दादा. मी तरी काय करू?"

झालं! मोडला तो आणि घरी बसलो मी. महागाची नवी जोडी यंत्रात गेली, धाकटा भंगारात गेला आणि मला मालकीणबाईंनी दाराला लावलं. नऊ वर्षं दार धरून बसलो. कुणाचा अंगठा ठेचला की शिव्या मला. पण घरातली सगळी भांडणं फुकटात ऐकायला मिळायची, हे कबूल करतो.

यंदा ऐन पेरणीत नव्या जोडीतल्या मोठ्याचे तीन दात उडाले. रानात पेरायला हवी तेवढीच ओल होती, चार दिवसांत ती जाणार. भाड्याचं यंत्र आठवडाभर मोकळं नव्हतं. मालक दुकानातून आले ते तोंड पाडूनच.

"आता जोडीही मिळत नाही. अख्खी गिअरपेटीच घ्या म्हणे! तेवढ्यात अर्धं नवं यंत्र येईल. यंदाचं रान पडीकच राहणार बघ."

मालकीणबाई पाणी घेऊन निघाल्या आणि त्यांचा अंगठा माझ्यावर आपटला.

"आई गं! मेलं हे धूड..." त्या खाली वाकल्या आणि तशाच थांबल्या. "अहो, मोडलाय कोणता? मोठा की धाकटा?"

"मोठा."

"मग हा कोण आहे?"

मालक माझ्याकडे बघतच राहिले. नऊ वर्षं रोज मला ओलांडून जाणारा माणूस! लाज वाटली असावी, कारण त्यांनी मला स्वतःच्या सदऱ्यानं पुसलं. डिझेलनं अंघोळ घातली आणि यंत्रात बसवलं. नव्या धाकट्याशी आधी जरा कुरकुर झाली. ती व्हायचीच, नवा संसार आहे. दुसऱ्या फेरीला मात्र बी सरळ ओळीत पडू लागलं. अहाहा! इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

ओल होती तोवर सगळं रान पेरून झालं. संध्याकाळी मालकीणबाई म्हणाल्या, "पेरलंत ते बरं झालं, पण माझं दार चार दिवस आपटतंय!" मालकांनी दात उडालेला गिअर उचलला आणि माझ्या जागी नेऊन ठेवायला निघाले.

मंडळी, जोडीदार मोडला म्हणून धडधाकटाला भंगारात घालू नका, एवढीच विनंती. आणि त्या नव्या दारवानाला तो निघताना मी सांगितलंय, "बाबा रे, बाईंचा अंगठा आपटला तर शिव्या मुकाट ऐक. माझी सुटका त्यातूनच झाली."