वळलेली काच

दक्षिण कोरियातल्या तेगू शहराच्या गाडीबाजारात मानशिक आणि त्याची बायको मालसुन यांचं काचांना काळी फिल्म लावायचं दुकान होतं. घुमटासारखी वळलेली मागची काच बहुतेक दुकानदार टाळायचे. तसल्या गाड्या यांच्याकडे यायच्या. फिल्म आधी बाहेरून गरम हवेनं वळणावर बसवायची, मग दोघांनी कोपरे धरून गाडीत न्यायची आणि आतून चिकटवायची. त्या कामात त्यांना एकमेकांशी बोलावंही लागत नसे.

त्या दिवशी मालसुनच्या हातून कोपरा सुटला. फिल्म स्वतःलाच चिकटून तिचा चोळामोळा झाला. दुसरी कापली, तीही तशीच वाया गेली.

"लक्ष कुठंय तुझं?" मानशिक खेकसला.

ती मागच्या सीटवर बसून राहिली. "डाव्या हाताला पकडच राहिली नाही हो. हिवाळ्यासाठी कोबीची किमची मुरत घातली, तेव्हापासून असंच आहे."

"आणि आज सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं कुणी ठेवलं असतं. मग मी घरी बसून भिंतींशी बोलू?"

त्यानं तिचा हात धरून घट्ट दाबला. "दाबलेलं कळतंय का?"

"धरलाय ते दिसतंय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. हात काही सुधारला नाही. मानशिकनं दुसरं कुणी ठेवलं नाही. आता तो दारांच्या सपाट काचाच तेवढ्या करतो. वळलेल्या काचेची गाडी आली, की खुर्चीत बसलेली मालसुनच उजव्या हातानं पुढचं दुकान दाखवते.